अर्धांगवायूनंतरचे पहिले महिने वाया जाऊ नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्धांगवायूचा झटका आलेल्या रुग्णाला साडेचार तासांच्या आत योग्य रुग्णालयात पोहोचवले पाहिजे, ही गोष्ट आता नाशिकमध्ये बऱ्याच लोकांना ठाऊक झाली आहे. दरवर्षी २९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनाच्या सुमारास तोंड वाकडे होणे, हात गळून पडणे, बोबडी वळणे ही लक्षणे वृत्तपत्रांतून छापली जातात आणि ती वाचून अनेकांनी आपल्या माणसाला वेळेत दवाखान्यात नेलेही असेल. परंतु रुग्ण त्यातून वाचला आणि घरी आला की पुढे काय करायचे, याविषयी तितक्या तपशिलाने कोणी सांगत नाही. रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाईल की नाही, स्वतःच्या हाताने जेवेल की नाही, हे पुष्कळ अंशी या ‘पुढे’वर ठरते. त्याकडे आपले वाचक, महापालिका आणि जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा यांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे थोरले बंधू निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहेत. त्यांच्या अंगावरून वारे गेले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही लुळे पडले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. तिच्यावरचे उपचार नीट झाले, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे ऋण आम्ही मानतो. मात्र घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड हाती दिले, त्यात गोळ्यांची नावे, वेळा आणि पुढच्या तपासणीची तारीख सविस्तर होती आणि सर्वांत खाली ‘फिजिओथेरपी करावी’ एवढे दोनच शब्द होते. कोणाकडून करावी, कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, कशासाठी, यातले काहीही त्यावर नव्हते. त्यांना आम्ही इंदिरानगरला माझ्या घरी आणले, कारण शहरात फिजिओथेरपिस्ट मिळणे सोपे. ज्यांचे शहरात कोणी नाही, त्यांनी त्या दोन शब्दांचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

मेंदूचा जो भाग रक्ताविना मरतो, तो पुन्हा जिवंत होत नाही. पण त्याच्या आसपासचा आणि दुसऱ्या बाजूचा मेंदू नवे मार्ग जोडून हरवलेले काम काही प्रमाणात उचलू शकतो. हे नवे जोडकाम आपोआप पुरेसे होत नाही. तीच हालचाल पुन्हापुन्हा, खऱ्या कामासाठी आणि रुग्णाच्या स्वतःच्या प्रयत्नाने केली गेली, तरच ते मार्ग पक्के होतात. झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदूची ही तयारी सर्वाधिक असते, सहा महिन्यांपर्यंत ती बरीच टिकते, आणि त्यानंतर सुधारणेचा वेग मंदावतो. सहा महिन्यांनंतर काहीच होत नाही असे मुळीच नाही, वर्ष-दोन वर्षांनीही सरावाने माणसे पुढे सरकतात. पण पहिल्या तीन महिन्यांत जे थोड्या श्रमांत साधते, त्यासाठी नंतर कितीतरी पट झिजावे लागते. आपल्याकडे नेमके हेच महिने ‘आधी जरा अंगात ताकद येऊ द्या, मग बघू’ असे म्हणत निघून जातात.

‘लवकर’ याचा अर्थ ‘घाईने’ असा नाही, हेही सांगितले पाहिजे. झटक्यानंतर २४ तासांच्या आत रुग्णाला वारंवार उठवून-बसवून चालवण्याचा प्रयोग पाच देशांतील २१०४ रुग्णांवर झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात अशी अतिघाई केलेल्या रुग्णांची स्थिती तीन महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांपेक्षा चांगली नव्हे, तर थोडी वाईटच आढळली. म्हणून पहिल्या दिवसांत किती उठवायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे. मात्र रुग्ण स्थिर झाल्यावर, रुग्णालयात असतानाच, हे काम सुरू झाले पाहिजे आणि घरी आल्यावर त्यात खंड पडता कामा नये.

फिजिओथेरपी म्हणजे हातपाय चोळणे आणि वरखाली हलवणे, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात ती काय असते, हे मी रोज पाहिले. बंधूंना कॉटवरून उठवताना आधी दोघेजण बगलेत हात घालून त्यांना उचलत असत. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच आठवड्यात ते बंद केले. त्यांनी बंधूंना कॉटच्या कडेशी सरकून बसायला लावले, दोन्ही पावले गुडघ्यांच्या थोडी मागे जमिनीवर टेकवली, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून हात पुढे करायला सांगितले, आणि नाक पायांच्या अंगठ्यांच्या पुढे जाईल इतके वाका, मगच उठा, असे बजावले. उजव्या गुडघ्यावर ताईंचा स्वतःचा हात असे, म्हणजे तो ऐन वेळी दुमडू नये. सुरुवातीला बंधू सगळा भार डाव्या पायावर टाकत. तसे झाले की त्या पुन्हा बसवत आणि डावे पाऊल जरा पुढे ठेवत, म्हणजे उजव्याला काम करावेच लागे. मग कॉटखालच्या विटा एकेक करून काढल्या आणि तेच उठणे कमी उंचीवरून सुरू झाले. बाहेरून पाहणाऱ्याला हे नुसते उठणे-बसणे वाटेल, पण त्यातच मांडीची ताकद, तोल, भार पेलणे आणि पडण्याची भीती मोडणे हे सारे असते. ज्याला एकट्याने उठता येते, त्याला रात्री कोणाला हाक न मारता न्हाणीघरापर्यंत जाण्याची वाट मोकळी होते, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला झोप मिळते.

याउलट गावोगाव जे चालते ते पाहून मन विषण्ण होते. तेलाची मालिश, कबुतराच्या रक्ताचा लेप, अमुक गावचा वैदू, तमुक ठिकाणचे हमखास औषध यांत पैसाही जातो आणि वेळही. हलक्या हाताने तेल लावल्याने रुग्णाला बरे वाटत असेल तर त्याला माझा विरोध नाही, परंतु चोळणारा दुसरा आणि पडून राहणारा रुग्ण, अशा उपचारातून मेंदू काहीही शिकत नाही. कबुतराच्या रक्ताने तर काही होण्याचे कारणच नाही. नुसता ‘करंट’ लावून अर्ध्या तासात निघून जाणाऱ्यांबद्दलही हेच म्हणावे लागेल. विजेच्या उत्तेजनाला ठरावीक जागी स्थान आहे, पण रुग्णाकडून काही करून न घेता ते दिले, तर त्याला पुनर्वसन म्हणता येणार नाही.

खांद्याविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण चांगल्या हेतूने सर्वाधिक इजा तिथेच होते. खांद्याची खोबण उथळ असते आणि हाताचा वरचा गोळा तिच्यात मुख्यतः भोवतीच्या स्नायूंमुळे टिकतो. ते स्नायू लुळे पडले की नुसत्या हाताच्या वजनानेही गोळा खाली उतरू लागतो. अशा वेळी घरच्यांनी रुग्णाला त्या हाताला धरून ओढले, बगलेतून उचलले किंवा दोरी-कप्पीने तो हात जोरात डोक्यावर नेला, तर खांदा दुखावतो, आणि दुखरा खांदा असलेला माणूस पुढे महिनोन् महिने कोणताच व्यायाम करू देत नाही. बसताना तो हात मांडीवर किंवा उशीवर टेकलेला असावा, लोंबकळता नसावा. त्या कुशीवर झोपवताना खांदा अंगाखाली चेपू नये. सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. या गोष्टी शिकवायला दहा मिनिटे लागतात. प्रत्येक रुग्णालयाने त्या घरी सोडण्यापूर्वी एका तरी नातेवाइकाकडून करवून घेतल्या पाहिजेत. तसेच हातात रबरी चेंडू देऊन ‘दाबत राहा’ असे सांगण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय अवलंबू नये. अनेक रुग्णांची बोटे काही आठवड्यांनी आपोआप आत वळून घट्ट होऊ लागतात. त्यांना मूठ वळण्यापेक्षा ती उघडण्याच्या सरावाची गरज असते.

पायापेक्षा हात बहुधा उशिरा आणि कमी सुधारतो, आणि म्हणून लोक हाताचा नाद लवकर सोडतात. चांगल्या हाताने काम भागते असे दिसले की रुग्ण दुसरा हात वापरायचाच विसरतो आणि जी थोडी ताकद परतलेली असते तीही निकामी होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी यावरच एक उपचारपद्धती उभी केली: चांगल्या हातावर दिवसातला बहुतेक वेळ मोजा चढवून ठेवायचा आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडून कसून काम करून घ्यायचे. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर तिची चाचणी झाली, २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि दुबळ्या हाताचा वापर वाढलेला स्पष्ट दिसला. ज्यांची बोटे व मनगट थोडे तरी उचलले जाते, त्यांनाच ही पद्धत लागू पडते, त्यामुळे ती घरच्या घरी मनाने करण्याची नाही. पण तिच्यातले तत्त्व प्रत्येक घराला उपयोगी आहे. वाटी दोन्ही हातांनी धरायला लावावी, पोळीचा तुकडा मोडताना दुबळ्या हाताने पोळी दाबून धरायला सांगावे, आणि रुग्णाला वेळ लागतो म्हणून शर्टाची बटणे आपण लावून देऊ नयेत.

रोजच्या हालचाली म्हणजे कोणत्या, हे ज्याच्या-त्याच्या घरावर ठरते. परदेशी पुस्तकांत खुर्ची आणि कमोड असतो. आमच्याकडे उंबरठा असतो, ओटा असतो, भारतीय पद्धतीचा संडास असतो, पाटावर मांडी घालून जेवण असते, आणि एसटीची उंच पायरी असते. खेड्यातून येणाऱ्या रुग्णाला दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर वॉकर धरून चालता येऊ लागले, म्हणजे तो शेताच्या बांधावर चालू शकेल असे नाही. जमिनीवर बसणे आणि जमिनीवरून उठणे, गुडघा उचलून पायरी चढणे, चालताना पाऊल खाली लोंबत असेल तर पायाला स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार) घालून कच्च्या वाटेवर चालणे, या गोष्टी उपचारात मुद्दाम शिकवाव्या लागतात. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण मी जवळून पाहिली आहे. घरातल्या आजींना झटका आला की ‘आता तुम्ही आरामच करा, आयुष्यभर राबलात’ असे प्रेमाने म्हटले जाते आणि त्या प्रेमापायी त्यांना कॉटवर बसवून ठेवले जाते. त्यांना कणीक मळू द्यावी, भाजी निवडू द्यावी, साडीच्या निऱ्या घालण्याचा प्रयत्न करू द्यावा. त्यांच्यासाठी याहून चांगला व्यायाम कोणी लिहून देऊ शकणार नाही.

हे किती वेळ करायला हवे? ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत पूर्वी प्रत्येक प्रकारच्या थेरपीसाठी दिवसाला किमान ४५ मिनिटे सांगितली होती. २०२३ मध्ये त्या सुधारून, ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी, सर्व थेरपी मिळून दिवसाला किमान तीन तास आणि आठवड्यातून किमान पाच दिवस, असे ठरवले गेले. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा अर्धा तास मिळाला तरी नशीब मानले जाते, आणि उरलेला भार कुटुंबावर पडतो. कुटुंबाला शिकवून ही उणीव भरून निघेल का, हे आपल्याच देशात तपासले गेले आहे. भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांच्या त्या अभ्यासात निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना घरी पुनर्वसन कसे करावे याचे प्रशिक्षण दिले गेले, आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आला तो असा की सहा महिन्यांनंतर मरण पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ४७ टक्के होते. यावरून घरच्यांनी काही करूच नये असा अर्थ कोणी काढू नये. घरच्यांशिवाय रुग्णाचा एक दिवसही निघत नाही. पण घरच्यांना चार गोष्टी शिकवल्या की शासनाचे काम संपले, असे मात्र आता म्हणता येणार नाही. तज्ज्ञ माणसाची भेट घराजवळ आणि नियमित मिळायलाच हवी.

नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर या भागांत फिजिओथेरपीचे दवाखाने चौकाचौकांत दिसतात, परंतु सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण इथल्या आदिवासी पाड्यांवरच्या रुग्णाला त्यांचा काय उपयोग? ज्याला एसटीची पायरी चढता येत नाही, त्याने पायरी चढायला शिकण्यासाठी सुरगाण्याहून एसटीने नाशिकला यावे, अशी आजची व्यवस्था आहे. दर फेरीला एका धडधाकट माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर उपचार सुटतो. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

मार्ग नाहीत असे नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम गेली कित्येक वर्षे अस्तित्वात आहे आणि त्यात जिल्हा रुग्णालयापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत भौतिकोपचाराची (म्हणजे फिजिओथेरपीची) व पुनर्वसनाची सोय अपेक्षित आहे. ती प्रत्येक तालुक्यात प्रत्यक्षात कितपत चालू आहे, हे जिल्हा परिषदेने आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी जाहीर करावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, राज्यभरातील फिजिओथेरपीची महाविद्यालये त्याला संलग्न आहेत, आणि नाशिकमध्येही हे शिक्षण मिळते. आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांना ज्येष्ठ शिक्षकांच्या देखरेखीखाली ठरावीक दिवशी पेठ-सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयांत पाठवले, तर रुग्णांना उपचार मिळतील आणि विद्यार्थ्यांना उंबरठा-ओट्याचे घर पाहायला मिळेल. आशाताई गरोदर मातांची नोंद जशी ठेवतात, तशी झटका येऊन घरी परतलेल्या रुग्णाची नोंद त्यांनी ठेवावी, पण त्यासाठी त्यांना वेगळे मानधनही मिळावे.

खर्चाबाबत दोन गोष्टी वाचकांच्या उपयोगाच्या आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांवर आहे. नंतरच्या महिनोन् महिने चालणाऱ्या फिजिओथेरपीचा भार कुटुंबालाच सोसावा लागतो, आणि शासनाने बदलण्यासारखी ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे असे मला वाटते. खासगी विम्याच्या अनेक पॉलिसींत मात्र घरी आल्यानंतरच्या ६० किंवा ९० दिवसांतील खर्च काही अटींवर मिळतो, म्हणून डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिल्याची चिठ्ठी आणि प्रत्येक भेटीची पावती जपून ठेवावी. कायमचे अपंगत्व ४० टक्के वा अधिक राहिल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील सवलतींसाठी अर्ज करता येतो.

चालणे-फिरणे हा माझ्या पत्राचा विषय असला, तरी दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. झटक्यानंतर गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. ती तपासून घेण्यापूर्वी रुग्णाला पाणी किंवा पेज पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नंतर नैराश्य येते. व्यायामाला उठत नाही म्हणून रुग्णाला हट्टी म्हणण्यापूर्वी त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे, कारण नैराश्यावर उपचार आहेत.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. शहरातील व जिल्ह्यातील प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने अर्धांगवायूच्या रुग्णाला सोडताना डिस्चार्ज कार्डावर पुनर्वसनाचा स्वतंत्र भाग भरावा: रुग्णाला आज काय करता येते, पहिल्या महिन्यात काय साधायचे आहे, आणि पुढची फिजिओथेरपी कुठे मिळेल. महापालिकेने नाशिकरोडच्या बिटको आणि कथड्यातील डॉ. झाकीर हुसेन या आपल्या रुग्णालयांत अशा रुग्णांसाठी आठवड्याचे ठरावीक दिवस राखून ठेवावेत आणि रुग्ण तिथवर पोहोचेल अशी वाहनाची सोय करावी. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात घाटांची, रस्त्यांची, स्वच्छतागृहांची जी कामे होत आहेत, त्यांत उतारांना दोन्ही बाजूंनी कठडे आणि संडासात धरायला दांडे बसवावेत. दोन्ही बाजूंनी हे महत्त्वाचे आहे, कारण ज्याचा उजवा हात चालत नाही त्याला उजवीकडचा कठडा उपयोगाचा नसतो.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. जिल्ह्यातील कोणत्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारी) आणि स्पीच थेरपी मिळते, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि किती शुल्कात, याची खातरजमा केलेली तालुकावार यादी आपण नाशिक आवृत्तीत छापावी आणि दर काही महिन्यांनी ती अद्ययावत करावी. ती कापून भिंतीवर लावणारी घरे या जिल्ह्यात पुष्कळ निघतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
इंदिरानगर, नाशिक